हिल्डाबाईंचे जादा तेवीस दिवस

हॅदरशॉ गावात डेरेक बॅराक्लफला ओळखत नाही असं घर सापडायचं नाही. अडतीस वर्षं तो तिथे पोस्टमन होता. कुणाचा कुत्रा खरंच चावतो आणि कुणाचा नुसतंच भाषण करतो, कुणाच्या दारातली पत्राची फट बोटं चिमटते, कोणती बाई लांबूनच पाकिटाचा रंग ओळखून पडदा ओढून घेते, हे सगळं त्याला पाठ होतं. यॉर्कशायरच्या त्या दरीतले रस्ते एक तर चढतात नाही तर उतरतात. सपाट रस्त्यावर चालणं म्हणजे काय, हे डेरेकला निवृत्तीनंतर समुद्रकाठी सुट्टीला गेल्यावर कळलं, आणि दोन दिवसांत त्याचा त्याला कंटाळाही आला. पाठीत तो जरा वाकला होता. कुणी त्याबद्दल विचारलं की म्हणायचा, "रोज हजारभर तिकिटांवरचं राणीचं डोकं वाहिलंय या पाठीने. वाकणार नाही तर काय करणार?"

कारण डेरेक राजेशाहीच्या विरोधात होता. आरडाओरडा करणारा विरोधक नव्हे. काहींना जसं दूध पचत नाही, तसा त्याला राजा पचत नसे, इतकंच. राजघराण्यात लग्न निघालं की सगळी गल्ली टीव्हीसमोर बसायची आणि डेरेक मागच्या अंगणातल्या शेडला रंग द्यायचा. त्या शेडवर आजवर तीन लग्नं, राणीच्या राज्यारोहणाचे तीन महोत्सव आणि एक राज्याभिषेक एवढे हात बसले होते. गावात इतकी टिकाऊ शेड दुसरी नव्हती. मात्र गल्लीत जेवणावळ असली की पताका बांधायला शिडी डेरेकचीच, आणि टेबलंही त्याचीच. शेजारधर्म वेगळा आणि राजकारण वेगळं, असं तो म्हणे.

दर उन्हाळ्यात राजवाड्याचा वर्षाचा खर्च जाहीर झाला की तो गावच्या साप्ताहिकाला पत्र लिही. वाड्याच्या छपराला किती लागले, हेलिकॉप्टरला किती, आणि तेवढ्यात हॅदरशॉच्या वाचनालयाचं छप्पर किती वेळा झालं असतं. संपादक चार बदलले, पत्र बदललं नाही. पुढे पुढे लोक ते वाचून समजायचे, की जुलै लागला.

त्याच्या विरुद्ध बाजू लढवायचं काम नॉर्मन सटक्लिफकडे होतं. नॉर्मन गावचा जुना खाटीक आणि डेरेकचा शाळेपासूनचा मित्र. शुक्रवारी दुपारी क्लबात दोघांचा एकेक ग्लास बिअरवर सामना व्हायचा.

"वर्षाला माणशी सव्वा पौंड पडतो," नॉर्मन म्हणायचा. "त्यात एक पाव येतो फक्त."

"मग मला पाव द्या. तो मी निदान खाईन."

"आणि जगभरातून लोक येतात राजवाडा बघायला, त्याचं काय?"

"फ्रान्सच्या राजाला जाऊन दोनशे वर्षं झाली. त्याच्या वाड्यासमोर अजून रांग असते. उलट सगळ्या खोल्या बघायला मिळतात. मधेच कुणी आंघोळीला गेलेलं नसतं."

"राष्ट्राध्यक्ष काय फुकट मिळतो? आणि तो निघेल कुणी तरी पुढारी. राजाचं बरं आहे लेका, मत मागायला तो दारात येऊन उभा राहत नाही."

"अरे, तेच तर मी चाळीस वर्षं सांगतोय."

कुणीच जिंकायचं नाही. जिंकलं असतं तर पुढच्या शुक्रवारी करायचं काय, हा प्रश्न दोघांनाही होता.

घरी डेरेक आणि त्याची आई, दोघंच. डेरेकचं वय चौऱ्याहत्तर, हिल्डाबाईंचं नव्व्याण्णव. चौदाव्या वर्षी त्या लोकरीच्या गिरणीत मागावर लागल्या होत्या. मागांच्या खडखडाटात ओठ बघून बोलणं ओळखायची त्यांना सवय, त्यामुळे या वयातही त्यांच्यापासून काही लपत नसे. पण नजर अलीकडे मंद झाली होती. छापील अक्षर भिंग घेऊनही दिसेना. म्हणून त्यांची सगळी पत्रं डेरेक फोडी, वाची आणि उत्तरं धाडी.

जानेवारीत पेन्शन कचेरीतून एक फॉर्म आला. आपल्या आईंना लवकरच शंभर वर्षं पूर्ण होत आहेत, राजाकडून अभिनंदनाचं कार्ड यावं अशी त्यांची इच्छा आहे काय? खाली दोन चौकोन. एक होय, एक नाही.

चाळीस वर्षं डेरेक वर्तमानपत्राला पत्रं लिहीत होता आणि एकाही पत्राने राजवाड्याची एक वीट हलली नव्हती. आज सरकारने प्रथमच त्याला विचारलं होतं, की बाबा रे, तुझं मत काय? त्याने चहाचा कप बाजूला ठेवला, चष्मा पुसला, आणि 'नाही'च्या चौकोनात अशी ठसठशीत खूण केली की पेन कागदाच्या पलीकडे गेलं. मग कोट चढवून स्वतः पेटीत टाकून आला. येताना चढ त्याला नेहमीपेक्षा सोपा वाटला.

नॉर्मनला त्याने शुक्रवारी ही विजयवार्ता सांगितली. नॉर्मनने ग्लास खाली ठेवला.

"हिल्डाकाकूंना विचारलंस?"

"तिला काय विचारायचं? आई माझीच आहे. तिचं मत मला माहीत नाही?"

"माझी आई असती तर मी विचारलं असतं," नॉर्मन म्हणाला आणि त्या दिवशी त्याने पुढे वाद घातला नाही. डेरेकला ते खटकलं, पण त्याने ते बिअरवर ढकललं.

फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी हिल्डाबाई चॅपलमधल्या म्हाताऱ्यांच्या जेवणाहून परतल्या, त्या कोटही न उतरवता थेट शेकोटीवरच्या फळीपाशी गेल्या. फळीच्या मधोमध डेरेकच्या वडिलांनी बोलिंगमध्ये जिंकलेला चषक चाळीस वर्षं उभा होता. बाईंनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि कपाटावर नेऊन ठेवला.

"अगं, तो का हलवलास?"

"जागा नको का करायला? आयव्हीने तिचं कार्ड चौकटीत घालून दारासमोर लावलंय. गेलं वर्षभर दर बुधवारी ऐकतेय मी. 'राजा म्हणतो, राजा म्हणतो.' जसा काही हिच्याकडे चहाला येऊन गेला." आयव्ही ग्रीनवुड चॅपलमध्ये त्यांच्या शेजारी बसे, तिने गेल्या वर्षी शंभरी गाठली होती. "माझं फळीवर ठेवू. तिथे बसल्या जागेवरून मला रंग तरी दिसतील. डेरेक, त्यांचं काही आलं का रे? आयव्हीच्या घरी आधी एक फॉर्म आला होता म्हणे."

डेरेक चहा करायला वळला. खोटं बोलायचं तर आईकडे पाठ करूनच बोलावं लागे.

"डेरेक. इकडे बघून बोल."

तो वळला. त्याचे ओठ हलायच्या आधीच बाईंना काय ते समजलं असावं, कारण त्या कोटासकट खुर्चीत बसल्या.

"आला होता," तो म्हणाला. "मी नको म्हणून कळवलं. मला वाटलं, तुलाही नकोच असणार. तुला कधी राजाचं कौतुक होतं?"

"मला नाहीच राजाचं कौतुक."

"मग?"

"मी चौदाव्या वर्षापासून पगारावर कर भरला," हिल्डाबाई शांतपणे म्हणाल्या. "तुझा बाप गेल्यावर त्याच्या पेन्शनीवरही भरला. तू चाळीस वर्षं मला वाचून दाखवतोयस, माणशी इतके जातात, तितके जातात, आणि त्या बदल्यात आपल्याला काय मिळतं? बरोबर आहे तुझं. काही मिळालं नाही. सगळ्या जन्मात मला एकच गोष्ट परत मिळायची होती रे, एक कार्ड. ते तू बंद केलंस."

डेरेकने हातातली किटली खाली ठेवली.

"मी कधी म्हटलं का, की तो पैसा वसूल होतो म्हणून? मी म्हटलं, मी पैसे भरलेत. दुकानात पैसे देऊन झाल्यावर पिशवी तिथेच ठेवून येतो का आपण? तुझं ते एक पत्र आठवतं मला. कार्डं बंद करा आणि तेवढ्या पैशात म्हाताऱ्यांना कोळसा द्या. कोळसा काही आला नाही. आता कार्डही नाही."

चाळीस वर्षांच्या वादात नॉर्मनला न सुचलेला मुद्दा हाच होता. नॉर्मन छपरांवर, पर्यटकांवर आणि परंपरेवर बोलत राहिला. हिल्डाबाईंनी सगळा राजवाडा तसाच उभा ठेवला आणि डेरेकच्या पायाखालची सतरंजी तेवढी काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या ठोक्याला डेरेकने पेन्शन कचेरीला फोन लावला. पलीकडे शॅरन नावाची बाई होती. आवाज प्रसन्न, आणि यॉर्कशायरच्या रीतीने परक्यालाही 'लव्ह' म्हणणारी.

"नाव सांगा लव्ह. हं, हिल्डा बॅराक्लफ. मिळाल्या. यांच्यापुढे 'कार्ड नको' अशी नोंद आहे."

"ती चुकून झाली."

"चुकून? खूण फार जोरात केलीय हो. कागद फाटलाय इथे."

"पेन जुनं होतं," डेरेक म्हणाला. आयुष्यात प्रथमच तो राजासाठी खोटं बोलला होता.

"असू दे. नको म्हणणारे फार थोडे असतात, आणि त्यातले निम्मे नंतर फोन करतातच. नोंद बदलते मी. वेळ भरपूर आहे. सहा मार्चला पोहोचेल कार्ड."

"सहा मार्च? नाही, अकरा फेब्रुवारी. पुढच्या मंगळवारी चॅपलच्या हॉलमध्ये समारंभ आहे. चाळीस माणसं सांगितलीत."

शॅरनने कागद चाळल्याचा आवाज आला. "जन्मदाखल्यावर सहा मार्च आहे लव्ह. पेन्शनच्या कागदांवरही तेच."

तेव्हा डेरेकला आजोबा आठवले. घरात दरवर्षी केक कापताना ही गोष्ट सांगून हसायची पद्धत होती, आणि हसण्याच्या पलीकडे तिचा काही उपयोग आहे असं कुणालाच वाटलं नव्हतं. मूल झालं की सहा आठवड्यांच्या आत नोंद करायची, नाही तर दंड, असा नियम. हिल्डा जन्मली तेव्हा बर्फ पडलेलं, आजोबा रंगखात्यात दोन पाळ्या करत होते, आणि शनिवारी गिरणी सुटल्यावर नोंदणी कचेरीच्या वाटेत त्यांचा नेहमीचा पब लागायचा. एप्रिल उजाडला तेव्हा सहा आठवडे उलटून गेले होते. दंड भरायचा नाही म्हणून आजोबांनी कारकुनासमोर टोपी काढली आणि अत्यंत सभ्यपणे मुलीचा जन्म तेवीस दिवस पुढे ढकलला. त्या काळी गिरणगावात असं अनेकांनी केलं होतं. निम्म्या गावाचे वाढदिवस दोन होते, एक आईला माहीत असलेला आणि एक सरकारला.

"दुरुस्त करता येईल का?" त्याने विचारलं.

"येईल की. जन्माच्या वेळी हजर असलेलं कुणी घेऊन या."

"माझी आईच होती फक्त."

शॅरन मनापासून हसली. "तर मग सहा मार्च. अकरा तारखेला आमच्या हिशेबाने त्या नव्व्याण्णवच्याच. आणि लव्ह, तुम्हाला नियम सांगून ठेवते, कार्ड शंभरी पूर्ण करणाऱ्यालाच जातं. मधे काही झालं तर आम्हाला कळवा, म्हणजे आम्ही थांबवतो."

डेरेकने रिसीव्हर ठेवला. आईला कसं सांगावं याचा विचार करत तो जिन्याशी थोडा उभा राहिला. शंभर वर्षांच्या माणसाला आणखी तेवीस दिवस थांब म्हणणं सोपं नव्हे.

हिल्डाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "माझा बाप," त्या म्हणाल्या. "राजाचा दंड चुकवला आणि माझ्या डोक्यावर बसवून गेला." "बरं. थांबेन मग."

समारंभ छान झाला. हॅमचे सँडविच, पोर्क पाई, आल्याचा केक, आणि चॅपलच्या बायकांनी केलेलं एवढं कस्टर्ड की शेवटी वाट्या कमी पडल्या. आयव्ही ग्रीनवुड मोत्यांची माळ घालून आली होती. ती सगळीकडे नजर फिरवून म्हणाली, "कार्ड दिसत नाही कुठे. अजून आलं नाही वाटतं?"

"कसं येईल आयव्ही?" हिल्डाबाई म्हणाल्या. "राजाच्या हिशेबाने मी नव्व्याण्णवची आहे. तुझ्यापेक्षा चांगली दोन वर्षांनी तरुण."

त्या दिवशी हॉलमध्ये सगळ्यांत जास्त हसली ती आयव्हीच.

पण फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात हिल्डाबाईंना खोकला झाला आणि तो छातीत उतरला. डॉक्टर आली, पाठीला यंत्र लावलं, औषध लिहिलं आणि डेरेकला दारापाशी नेऊन म्हणाली, "या वयात मी काही सांगू शकत नाही. त्यांना उबेत ठेवा आणि पाणी पाजत राहा." डेरेक पाणी पाजत राहिला. सूप केलं, ते फार खारट झालं, दुसऱ्यांदा केलं. नॉर्मन रोज हाडं घेऊन येई, म्हणे त्यांच्या रश्शाशिवाय छाती सुटत नाही. स्वयंपाकघरात दोघे म्हातारे पातेल्यावर वाकून उभे असत.

"आज किती तारीख?" नॉर्मन विचारी.

"सव्वीस."

"म्हणजे अजून आठ दिवस. डेरेक बॅराक्लफ राजाच्या पत्राची वाट बघतोय. मी हे क्लबात सांगितलं तर कुणी विश्वास ठेवायचं नाही."

"सांगून बघ. तुझ्या हाडांसकट बाहेर काढीन."

नॉर्मन हसला आणि जाताना डेरेकच्या खांद्यावर हात ठेवून गेला. शाळा सुटल्यापासून त्याने तसं केलं नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी खोकल्याची उबळ ओसरल्यावर हिल्डाबाई उशीवर डोकं टेकून म्हणाल्या, "तुला वाटत असेल, आयव्हीवर मात करायला हवंय मला ते."

"वाटतं थोडं."

"ते तर आहेच." त्यांनी श्वास घेतला. "पण मला पत्र लिहिणारं कुणी उरलं नाही रे. माझी मैत्रीण हॅना गेली, मागावरच्या सगळ्या गेल्या, तुझी मावशी गेली. येतं ते सगळं विजेच्या कंपनीचं. तू पोस्टमन होतास, तुला कळायला हवं."

डेरेकला कळत होतं. त्याच्या फेरीत अशी सात-आठ घरं नेहमीच असायची, जिथे बिलाखेरीज काही जात नसे, आणि तरीही त्या घरातली म्हातारी बाई रोज दाराशी येऊन उभी राहायची आणि ते बिल फटीतून न घेता हातातच घ्यायची. तो मुद्दाम तिथे मिनिटभर हवापाण्यावर बोलायचा. फेरीच्या वेळापत्रकात त्या मिनिटाचा खर्च कुठे धरलेला नव्हता, आणि वरच्या साहेबाने विचारलं असतं की याने खात्याला मिळतं काय, तर डेरेकला काही सांगता आलं नसतं. छपरांचा आणि हेलिकॉप्टरचा त्याचा हिशेब यामुळे खोटा ठरला, असं त्याला वाटलं नाही. ते आकडे तेव्हाही बरोबर होते आणि आताही. त्याने फक्त आईच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं आणि मनाशी म्हटलं, आठ दिवस. फक्त आठ.

मार्चच्या दोन तारखेला ताप उतरला. चार तारखेला हिल्डाबाईंनी रश्शाला नावं ठेवली, आणि डेरेकला आईची प्रकृती सुधारल्याची खात्री पटली.

सहा तारखेला सकाळपासून तो पुढच्या खिडकीत उभा होता. आता फेरीवर मिशेल नावाची तरणी पोरगी होती, तिला डेरेकनेच कुत्र्यांची माहिती दिली होती. दहाच्या सुमारास ती चढावर दिसली. तिने दाराच्या फटीत काही सारलं नाही, दार वाजवलं.

"पाकीट दुमडू नये म्हणून हातात देतेय," ती म्हणाली. "डेपोत सगळ्यांनी पाहिलं. साहेब म्हणाले, डेरेककडे जातंय हे? चष्मा काढून पुन्हा वाचलं त्यांनी."

"आत ये, चहा घे."

"फेरी उशिरा होईल हो." तिने आत डोकावलं. "पण मिनिटभर येते."

हिल्डाबाई खुर्चीत बसल्या होत्या, चांगला निळा कार्डिगन घालून. डेरेकने पाकीट चाकूने हळूच उघडलं, कडा फाटू न देता. वर राजाराणीचा फोटो, आत चार ओळी आणि सही. त्याने खाकरून वाचून दाखवलं. शंभराव्या वाढदिवसानिमित्त आपलं हार्दिक अभिनंदन, आणि हा दिवस आपल्याला आनंदाचा जावो, अशा अर्थाचं होतं.

"एवढंच?" हिल्डाबाई म्हणाल्या.

"एवढंच."

"पुन्हा वाच."

त्याने पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा मिशेलने वाचलं, कारण तिचा आवाज चांगला होता. मग बाईंनी कार्ड हातात घेतलं, भिंग लावून डोळ्यांजवळ नेलं आणि फोटो बराच वेळ पाहिला.

"दमल्यासारखा दिसतो बिचारा," त्या म्हणाल्या. "डेरेक, कागद घे. आभाराचं पत्र लिहायचंय."

"आई, राजाला? त्याच्याकडून अशी हजारो कार्डं जातात. तिथे एक सबंध कचेरी आहे त्यासाठी. तिचा पगार आपणच..."

"कुणी भेट पाठवली तर आठवड्याच्या आत आभार लिहायचे. तुला सहाव्या वर्षी शिकवलंय मी. लिही."

डेरेकने कागद घेतला. आदरणीय महाराज, कार्ड सुखरूप पोहोचलं. फोटो छान आला आहे. इकडे थंडी अजून आहे, पण मला बरं आहे. आपणही जपून असा. मजकूर आईचा, अक्षर डेरेकचं. पोस्टाच्या परीक्षेत पहिलं आलेलं, गोल आणि सुटं. शेवटच्या ओळीखाली तो थांबला. पेन बोटांत फिरवत राहिला.

"आई, तळाशी माझी एक ओळ घालू? सभ्य भाषेत. वाड्याच्या छपराबद्दल फक्त."

"नाही."

"अगं, एवढी पत्रं लिहिली मी, एकही तिथवर गेलं नाही. हे तर थेट त्यांच्याच हातात..."

"भेट आणणाऱ्याला ती कितीला पडली असं विचारतं का कुणी? निदान आभाराच्या पत्रात तरी विचारत नाहीत. जुलैत तू काय लिहायचं ते लिही, मी ऐकेन. आण इकडे, सही करते."

त्याने पेन त्यांच्या हातात दिलं आणि कागदाखाली पाटी धरली. हिल्डाबाईंना ओळ दिसत नव्हती. त्यांनी डाव्या कडेपासून सुरुवात केली आणि एकेक अक्षर मागावरच्या धाग्यासारखं सावकाश ओढत नेलं. पहिलं नाव संपायलाच कागदाची अर्धी रुंदी गेली. मग आडनावाची अक्षरं खाली उतरत, पुन्हा वर चढत, उजव्या कोपऱ्यापर्यंत पोहोचली. पाऊण तास लागला. मिशेलची फेरी कधीच उशिरा झाली होती, पण ती जागची हलली नाही.

डेरेकने कागद उजेडात धरला. मजकुराखाली चार बोटं जागा होती, ती सगळी आईच्या सहीने भरली होती. छपराची ओळ घालायला कुठेही फट उरली नव्हती. त्याने पत्राची व्यवस्थित तिहेरी घडी घातली आणि पाकिटावर पत्ता लिहायला बसला.